माझ्या जाळीवरची बोटं

मी बोलतोय. पण बोलणं हा माझा निम्माच उद्योग. उरलेला निम्मा ऐकण्याचा, आणि खरं विचाराल तर माझा जीव त्यातच जास्त रमतो.

मी ट्रान्सीव्हर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या टेबलावर बसलेला काळा डबा. आकाशातून आलेला आवाज तारेवाटे आत घेतो आणि माझ्या माणसाचा आवाज बाहेर सोडतो. मधे टेलिफोन नाही, इंटरनेट नाही, कोणाचा मनोरा नाही. घराबाहेर एक लांब तार, फार उंचावर उन्हानं भारलेला हवेचा पातळ थर, आणि त्यावर आपटून समुद्रापार उतरणारा आवाज, बस्स. आयुष्यभर हेच करत आलो, तरी हे होतं कसं याचं मला अजून नवल वाटतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. निळी टोपी घातलेल्या एका बाईंनी माझी मधली मोठी फिरकी दोन बोटांनी फिरवून पाहिली, ती कुठे अडखळत नाही ना म्हणून. मग मला तार जोडली. पहिल्यांदा कानावर आली ती नुसती खरखर. लोक तिला गोंगाट म्हणून नाक मुरडतात. मला मात्र ती ऐकून धाप लागली. कुठल्या कुठल्या देशांतल्या विजा त्या खरखरीत होत्या! आणि तिच्या तळाशी एक बारीक आवाज कोणाला तरी हाक मारत होता. बाईंनी समाधानानं मान हलवली आणि मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, गावच्या फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये. तिथे वर्षातून एकदा रेडिओवाल्यांचा बाजार भरतो. माझ्या शेजारी एक दांडगा सेट होता. त्याला रंगीत स्क्रीन, माझ्या दुप्पट ताकद. लोक त्याच्याभोवती घोळका करून उभे राहत आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवत.

तिथे लिंडसे फिट्झनर आला. जन्मभर बंदरावरच्या धान्याच्या सायलोत, म्हणजे उंच कोठारात, मशिनांच्या घरघरीत नोकरी करून निवृत्त झालेला उंच, वाकलेला माणूस. त्याच्याबरोबर त्याचा दोस्त बेव्हन ट्रेलोर होता. बेव्हन मेंढ्या पाळतो आणि गावचा रेडिओ क्लब चालवतो.

"हा घे, लिन," बेव्हन त्या दांडग्या सेटवर थाप मारत म्हणाला. "स्क्रीन बघ की! तुझ्या नोलीनला यावर क्रिकेट दाखवलंस तर ती तुला घरात घेईल तरी."

"मला बघायचं नाहीये. ऐकायचंय."

"आणि ताकद बघ. स्पर्धेत सगळ्यांच्या डोक्यावर बसशील."

"ओरडायला काय, कोणीही ओरडतं. पलीकडचा काय म्हणतोय ते कळायला नको? माझ्या जुन्या सेटचे कान गेलेत रे. गेल्या वर्षी अर्धी माणसं हुकली माझी." असं म्हणून लिननं बेव्हनला दाराकडे ढकललं. "तू जा, तुझ्या गाडीतल्या सेटवरून बडबड करत बस."

"काय बडबडू?"

"लोकरीच्या भावाबद्दल बोल. तुला दुसरं काय येतं?"

बेव्हन गाडीत जाऊन बडबडू लागला. रेडिओवर त्याच्या अगदी शेजारी, दूरच्या बेटावरचा एक क्षीण आवाज चालू होता. लिननं आधी दांडग्या सेटवर तो ऐकायचा प्रयत्न केला. बेव्हनच्या लोकरीखाली बेट गुदमरून गेलं. मग लिन माझ्याकडे वळला. त्यानं हेडफोन लावला, डोळे मिटले आणि माझी खिडकी अरुंद केली, म्हणजे हव्या त्या आवाजापुरती फट ठेवून बाकीचं बाहेर. मी जीव एकवटला. बेव्हन दाराबाहेर राहिला आणि बेटावरचा माणूस आत आला.

लिननं डोळे उघडले नाहीत. तसाच तो माझ्या खुंट्यांवरून हात फिरवत राहिला. स्पर्धेत चोवीस तास खुर्चीत बसायचं असतं तेव्हा डोळे काही कामाचे नसतात, सगळं हाताला सापडावं लागतं. "हाच," तो म्हणाला.

मी किती फुगलो म्हणून सांगू! त्या जुन्या सेटचे कान शाबूत होते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

लिनच्या घरी मला स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत जागा मिळाली. खिडकीतून मागचं अंगण दिसायचं, त्यापलीकडे खाडी. घरात माणसं दोन. लिन, आणि त्याची बायको नोलीन, जी शाळेची बस चालवायची आणि बसमधल्या पोरांशी बोलते त्याच सुरात नवऱ्याशी बोलायची. लिन हेडफोन लावून बसायचा, त्यामुळे घरात आवाज म्हणून नसायचा. हेडफोनच्या कडेतून बारीक चिरचिर निसटायची तेवढीच. म्हणून नोलीन मला 'तुझा डास' म्हणायची.

"इतकी वर्षं तो डास कानात घालून बसतोस. काय सांगतो तरी काय तो?"

"नंबर सांगतो."

"नुसते नंबर? मग मी बसमध्ये पोरं मोजते, तसंच की हे."

तिचं म्हणणं वरवर खरंच होतं. आमच्या स्पर्धेत कोणी गप्पा मारत नाही. एकानं आपली कॉलसाइन सांगायची, म्हणजे हवेतलं नाव. दुसऱ्यानं ती बरोबर ऐकून परत सांगायची, आवाज कसा येतोय ते सांगायचं आणि एक क्रमांक द्यायचा. झालं, पुढचा. त्यात एक गमतीची रीत आहे. आवाज कसा येतोय याचं उत्तर सगळे 'पाच-नऊ' असंच देतात, म्हणजे उत्तम. खरखरीत बुडालेल्या माणसालाही पाच-नऊ आणि शेजारच्या गल्लीतल्यालाही पाच-नऊ. वेळ वाचतो.

पण त्या नंबरांच्या मागून काय काय येई, ते मी नोलीनला कसं सांगणार? एखाद्याच्या खोलीतली कुकू घड्याळाची हाक येई, एखाद्याच्या मागे बर्फाचं वादळ. फिनलंडमधल्या एका माणसाची चहाची किटली दरवर्षी त्याच वेळी शिट्टी मारायची. आणि जपानमधले ओकुदा तर स्पर्धेगणिक यायचेच. लिन त्यांना कधी भेटला नव्हता, पण ओकुदांना सर्दी झाली की त्याला पहिल्या शब्दाला कळायचं. एवढीशी ताकद, दिव्याला लागते तेवढी, आणि तिच्यावर बसून माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून दुसऱ्याच्या कानात उतरतो. मला तर देवळात उभं राहिल्यासारखं वाटे.

हळूहळू लिन माझी आवाजाची खुंटी पुढे ढकलू लागला. आधी जराशी, मग बरीच. मला वाटलं, मीच थकलो. त्यानंही तसंच ठरवलं असावं, कारण एकदा त्यानं मला उघडून आतली धूळ झटकली, तारा बदलल्या, घराबाहेरची लांब तार उतरवून नवी चढवली. फरक काही पडला नाही. जेवताना नोलीन काही विचारायची आणि तो हसून "हो, हो" म्हणायचा. ओठ दिसले तर तो बोलणं ओळखायचा, न दिसले तर नुसता अंदाज. ती त्याच्याकडे बघत राहायची. कानात घालायचं मशीन तिनं आणून दिलं होतं. पण त्यात आवाजाबरोबर खरखरही मोठी व्हायची, म्हणून ते खोक्यात पडून राहिलं.

ऑक्टोबरात आमची मोठी स्पर्धा असते. आमच्या बाजूच्या समुद्रातल्या बेटांना आणि आम्हाला गाठायला तेव्हा सगळं जग कान लावून बसतं. एका शनिवार-रविवारी तोंडी, पुढच्या शनिवार-रविवारी मोर्स, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची भाषा. क्लब बेव्हनच्या टेकडीवर, मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये डेरा टाकतो. तिथली मुख्य खुर्ची वर्षानुवर्षं लिनची, आणि तिच्यासमोर टेबलावर मी. त्या खुर्चीसाठीच तो वर्षभर जगतो, असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी तोंडी स्पर्धेच्या पहिल्याच दुपारी आमचं बिंग फुटलं. न्यूझीलंडची एक बाई स्वच्छ आवाजात हाक मारत होती. मला ती शेजारच्या खोलीत असल्यासारखी ऐकू येत होती. लिननं तिची कॉलसाइन चुकीची परत सांगितली. तिनं दुरुस्त केली. त्यानं पुन्हा चुकवली.

"अहो आजोबा," ती शेवटी म्हणाली, "चार वेळा सांगितलं मी. नाव तरी माझं ठेवा!"

"पाच-नऊ, पाच-नऊ," लिन म्हणाला. "धन्यवाद!"

बेव्हननं शेजारचा दुसरा हेडफोन कानाला लावला होता. तो त्यानं उतरवून ठेवला. मग त्यानं लिनच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ, लिन. चहा घे."

"आत्ताच तर घेतला."

"मग अजून एक घे." बेव्हन त्याच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे बाबा, तुला ऐकू येत नाहीये. किती वर्षं झाली?"

लिननं माझ्याकडे पाहिलं. अजूनही त्याला वाटत होतं, मी काहीतरी करीन. मी काय करणार? मी पोहोचवत होतो, अगदी स्वच्छ पोहोचवत होतो. पण ते घ्यायला आत कोणी उरलं नव्हतं. तो उठला तेव्हा शेडमध्ये कोणी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. "बेव्हनला देऊन टाकू याला," लिन नोलीनला म्हणाला. "इथे ठेवून काय करायचंय? बहिऱ्याच्या घरात रेडिओ!"

"मग ने उचलून. तोंड कशाला पाडतोस?" ती म्हणाली, पण भांडी घासणारा तिचा हात थांबला होता.

तपासल्याशिवाय सेट कोणाला द्यायचा नाही, ही या लोकांची रीत. म्हणून त्यानं मला तार जोडून चालू केलं. हेडफोन शेडमध्येच राहिला होता, तेव्हा आवाज माझ्या स्वतःच्या स्पीकरमधून आला. स्पीकर माझ्या डोक्यावर जाळीखाली असतो. मागच्या तारा बघायला लिन वाकला आणि तोल सावरायला त्यानं हात नेमका त्या जाळीवर टेकला. कोणीतरी मोर्समध्ये हाक मारत होतं.

तो तसाच वाकलेला राहिला.

"नोलीन," तो हळूच म्हणाला, "याच्यातून आवाज येतोय का?"

"येतोय म्हणजे? कुत्रा टेबलाखाली जाऊन बसलाय!"

"जपानचा माणूस आहे. हाक मारतोय."

"तुला ऐकू आलं?" ती ओल्या हातांनी पुढे आली.

"नाही गं. हाताला लागलं."

मी खरं सांगतो, इतकी वर्षं आकाशातून काय काय येऊन माझ्यातून गेलं, पण असं कधी काही माझ्या अंगावर आलं नव्हतं. माझ्या डोक्यावर म्हाताऱ्या बोटांची पाच टोकं टेकली होती, आणि मी हललो की त्यांना कळत होतं. लिननं खुंटी फिरवून मोर्सचा सूर खाली आणला. बारीक सूर नुसताच किंचाळतो, जाड सूर पत्रा हलवतो. आणखी खाली, आणखी खाली, अगदी बेडकाच्या डरावाइतका. मग खुर्ची ओढून तो बसला आणि एकेक अक्षर मोठ्यानं म्हणू लागला. नोलीन पाठ फिरवून सिंककडे गेली आणि नळ उगाचच बराच वेळ चालू ठेवला.

त्या आठवड्यात घराचं काही खरं नव्हतं. पत्रा हलायचा तर आवाज मोठा हवा. सकाळी नाश्त्याला मोर्स, दुपारी खाडीतले मासे तळताना मोर्स. "आधी डास होता, आता बैल आणलास," नोलीन म्हणायची. पण खुंटी तिनं एकदाही मागे फिरवली नाही.

शनिवारी लिन शेडमध्ये गेला आणि बेव्हनला म्हणाला, "मला एक तास दे. उद्या दुपारचा दे, शेवटी शेवटी सगळे दमतात तेव्हाचा."

बेव्हननं मान खाजवली. तो वाईट माणूस नाही, पण क्लबचे गुण त्याच्या जिवाला लागतात. "एक तास," तो म्हणाला. "आणि चुकीचं काही आमच्या नावावर चढवायचं नाही. मागच्या वेळचं सगळं काढून टाकावं लागलं मला."

रविवारी दुपारी नोलीन त्याला आणि मला गाडीतून घेऊन आली. शेडमध्ये लोकरीचा वास होता, पत्र्याचं छत उन्हानं कडकडत होतं. लिन खुर्चीत बसला. डावा हात माझ्या जाळीवर, उजवा मोर्सच्या खटक्यावर. सगळे हातातलं काम सोडून उभे राहिले. मी जपानकडे कान लावला आणि मला ओळखीचा ठेका सापडला. ओकुदा!

लिननं आपली कॉलसाइन पाठवली, तीही जुन्या वेगानं. एकेकाळी त्या वेगासाठी तो किनाऱ्यावर प्रसिद्ध होता. हाताला तो वेग अजून येत होता, आणि एवढ्या लोकांसमोर हळू पाठवायची त्याला लाज वाटली. आमच्यात नियम असा की समोरचा ज्या वेगानं पाठवतो त्याच वेगानं त्याला उत्तर द्यायचं. ओकुदांनी तसंच दिलं. ते लिनच्या बोटांखालून सुसाट निघून गेलं. त्याच्या हाताला नुसती घरघर लागली.

त्यानं पुन्हा पाठवलं, तितक्याच जोरात. उत्तर पुन्हा तितक्याच जोरात आलं. तिसऱ्या वेळी त्याची बोटं जाळीवरून उचलली गेली.

"नाही जमत," तो म्हणाला. "बेव्हन, बस तू."

बेव्हन पुढे सरकला होता. तेवढ्यात नोलीन मधे आली आणि लिनच्या समोर उभी राहिली, त्याला तिचे ओठ दिसतील अशी.

"तू असा सुसाट सुटतोस आणि तोही सुसाट येतो. त्यात त्या माणसाचं काय चुकलं? बसमध्ये लहान पोर चढताना मी थांबते का नाही? हळू जा, म्हाताऱ्या!"

"लोक ऐकतायत गं."

"ऐकू देत. तुला कुठे ऐकू येतंय ते काय म्हणतात!"

शेडमध्ये हशा पिकला. लिनही हसला, आणि त्या हसण्यात त्याचा ताठा गेला. त्यानं बोटं परत माझ्यावर ठेवली. मग त्यानं आपली कॉलसाइन पाठवली ती अगदी सावकाश, नवशिक्या पाठवतो तशी. एकेक ठोका वेगळा. स्पर्धेचे शेवटचे तास, पलीकडे ओकुदांच्या दारात शेकडो लोक ताटकळलेले, एकेका क्षणावर त्यांचे गुण. अशा वेळी कोण थांबतं?

ओकुदा थांबले.

त्यांचं उत्तर आलं ते तितकंच सावकाश. लिनची कॉलसाइन, मग पाच-नऊ, मग क्रमांक, प्रत्येक ठोका सुटा सुटा, एखाद्याला हाताला धरून पायऱ्या उतरवावं तसा. काय झालं, असा वेग का, काही विचारलं नाही. आणि सर्वात आश्चर्य म्हणजे मागे ताटकळलेले ते शेकडो लोक गप्प राहिले. सगळा बँड, म्हणजे आम्हा सगळ्यांची हवेतली पट्टी, शांत झाला. मी खरखरीशिवाय दुसरं काही ऐकत नव्हतो, आणि त्या खरखरीत एका जपानी माणसाचा हात एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या बोटांना नंबर सांगत होता.

लिननं तो मोठ्यानं वाचला. हेडफोन लावलेल्या बेव्हननं मान डोलावली. "बरोबर," तो म्हणाला, आणि तो नंबर त्यानं स्वतःच क्लबच्या नावावर चढवला.

पुढे तो तास असाच गेला. लिन हळू हाक मारायचा आणि जो तो त्याच्यासाठी हळू व्हायचा. कॅनडाचा झाला, फिजीचा झाला, सैबेरियातली एक बाई झाली. त्यातल्या कोणालाही या शेडमधल्या खुर्चीत कोण बसलंय हे माहीत नव्हतं. गुण फार झाले नाहीत. क्लबला त्या वर्षी बक्षीसही मिळालं नाही. पण निघताना बेव्हननं बोटानं आधी खुर्ची दाखवली, मग लिनकडे बोट केलं. "पुढच्या वर्षी पण रविवारची दुपार तुझी," तो ओरडला. लिनला ते ऐकू गेलं नसणार, पण समजलं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लिनचे कान पूर्ण गेले. माझ्या जाळीवरचा काळा रंग पाच ठिकाणी उडालाय आणि खालचा पत्रा चमकतो. माझ्यापेक्षा हुशार सेट बाजारात आलेत, तुम्ही एखादा घ्यायला निघालात तर ते जरूर बघा. फक्त स्क्रीन बघून भुलू नका. डोळे मिटून बसा आणि शेजारी कोणी आरडाओरडा करत असताना तुमचा सेट दुबळ्या माणसाला किती जपतो ते पाहा. एवढंच माझं सांगणं होतं, आणि मी इथेच थांबणार होतो.

पण थांबा. आत्ता, या क्षणी, कोणीतरी बोलावतंय. लिन मागच्या अंगणात मासे साफ करतोय, माझ्याकडे त्याची पाठ आहे. नोलीन सिंकपाशी आहे. दूरवरून एक हाक येतेय, सावकाश, सुटी सुटी, आणि ती लिनचीच कॉलसाइन आहे. मला ऐकू येतंय. पण माणसाचा हात लागल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.

नोलीननं नळ बंद केला.

ती मान वाकडी करून ऐकतेय. मोर्सचं एक अक्षर ती कधी शिकली नाही. हात न पुसताच ती मागच्या दारानं धावत निघाली. हाक मारून उपयोग नाही, हे तिला माहीत आहे. मला खिडकीतून दिसतंय, ती लिनच्या मागे उभी राहिली आणि ओल्या बोटानं त्याच्या पाठीवर ठोके देऊ लागली. आखूड, आखूड, आखूड, लांब. पुढचं सगळंही, जसंच्या तसं, एक ठोका न चुकता.

लिननं सुरी खाली ठेवली. तो वळला.

"कोण आहे?"

"मला काय माहीत?" ती त्याला कोपराला धरून घराकडे ओढतेय. "तुला बोलावतोय. चल लवकर!"

पलीकडे जो कोणी असशील, बाबा, अजून एकदा पाठव. जाऊ नकोस. तो अंगणातून येतोय.